थांबलात ते बरोबरच, पण जरा आधी थांबा

पत्र :

नमस्कार. मी रोज गाडीने कामावर जाते. वाटेत चौपदरी रस्त्यावर, म्हणजे जायच्या दोन लेन आणि यायच्या दोन, सिग्नल नसलेलं एक झेब्रा क्रॉसिंग आहे. परवा तिथे एक आजोबा कडेला उभे दिसले, म्हणून मी अगदी पट्ट्यांपाशी गाडी थांबवली आणि हाताने 'या' अशी खूण केली. मागचा हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. आजोबा माझ्या बॉनेटसमोरून पुढे गेले आणि तेवढ्यात शेजारच्या लेनमधून एक गाडी सुसाट निघून गेली. ते दचकून मागे सरले म्हणून वाचले. माझे हातपाय गार पडले. ऑफिसात हे सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, "तुम्ही थांबलात म्हणून ते पुढे आले. अशा ठिकाणी थांबायचंच नाही. एखाद दिवशी मागून कोणीतरी तुम्हालाच ठोकेल." तेव्हापासून ते पट्टे जवळ आले की धडधडायला लागतं. थांबावं की सरळ निघून जावं? रात्री आणि पावसात तर पट्टे दिसतही नाहीत. शिवाय मुलगा सध्या गाडी शिकतोय, त्याला नेमकं काय सांगू?

उत्तर :

नमस्कार. तुम्ही थांबलात हे चुकलं असं क्षणभरही मनात आणू नका. चूक शेजारून सुसाट गेलेल्या माणसाची होती. थांबलेल्या गाडीला ओलांडून पट्ट्यांवर वेगाने जाणं ही वाहन चालवण्यातल्या सर्वात घातक गोष्टींपैकी एक आहे. 1968 च्या व्हिएन्नाच्या रस्ते वाहतूक करारात याबद्दल वेगळं कलम आहे. पट्ट्यांजवळ येणाऱ्या किंवा तिथे थांबलेल्या वाहनाच्या पुढे जायचंच असेल, तर पट्ट्यांवर माणूस असल्यास जागच्या जागी थांबता येईल इतका वेग कमी ठेवूनच जायचं, असं ते सांगतं. जगभर असे प्रसंग किती घडत असतील, म्हणून तर ते करारात लिहावं लागलं.

तुमच्या सहकाऱ्यांचा सल्ला मात्र मनावर घेऊ नका. सगळ्यांनीच तो पाळला तर रस्ता ओलांडणाऱ्याला एकच मार्ग उरतो : गाड्यांच्या फटीतून पळणं. तरुण माणूस पळेल. आजोबा कसे पळणार? चौपदरी रस्ता साधारण 14 मीटर रुंद धरा. वय झालेला माणूस सेकंदाला 0.8 मीटर चालला तर पलीकडे पोचायला त्याला सतरा-अठरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी जवळजवळ पाव किलोमीटर अंतर कापते. म्हणजे आजोबांनी पहिलं पाऊल टाकलं तेव्हा जी गाडी लांब ठिपक्याएवढी दिसत होती, तीही ते पलीकडे पोचायच्या आत तिथे हजर असते. असा रस्ता नुसत्या सावधपणावर ओलांडता येत नाही. गाडीवाल्यांपैकी कोणीतरी थांबावंच लागतं. 2021 साली जगात रस्त्यांवरच्या अपघातांत सुमारे 11 लाख 90 हजार माणसं गेली, आणि त्यातला जवळपास पाव हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता, असं जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल सांगतो. तेव्हा थांबायचंच. फक्त कुठे आणि कसं थांबायचं, यात तुम्हाला थोडा बदल करायला हवा, आणि तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर तिथेच आहे.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते डोळ्यांसमोर आणा. तुम्ही पट्ट्यांना जवळजवळ चिकटून उभ्या होतात. आजोबा तुमच्या बॉनेटसमोर आले, तेव्हा तुमची गाडी त्यांच्या आणि शेजारच्या लेनच्या मध्ये आड आली. शेजारून येणाऱ्याला फक्त उभी असलेली एक गाडी दिसली, आजोबा दिसले नाहीत. आजोबांनाही तो दिसला नाही. दोघं एकमेकांना दिसले तेव्हा आजोबा तुमच्या गाडीच्या कडेच्या पुढे आले होते आणि त्याच्याकडे फार तर सेकंदभर उरला होता. आता हीच गाडी पट्ट्यांच्या आठ-दहा मीटर अलीकडे थांबली असती तर? पट्टे आणि तुमचं बॉनेट यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली असती. शेजारच्या लेनमधल्याला त्या जागेतून, तुमच्या पुढून तिरपं बघता आलं असतं आणि पट्ट्यांवरचा माणूस आधीच दिसला असता. आजोबांनाही शेजारची लेन पार मागपर्यंत दिसली असती. तुम्ही केलेलं थांबणं तेच, पण आठ-दहा मीटरनी दोघांनाही डोळे मिळतात.

हे काही माझ्या डोक्यातलं नाही. अमेरिकेत एका बाजूला दोन किंवा जास्त लेन असलेल्या, सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर थांबण्याची रेघ पट्ट्यांच्या 20 ते 50 फूट, म्हणजे साधारण 6 ते 15 मीटर आधी आखतात, ती याच कारणासाठी. रेघ नसेल तिथे तुम्ही मनातल्या मनात आखा. दोन गाड्यांच्या लांबीएवढी जागा पुढे ठेवायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरा बदल हाताच्या खुणेचा. कृपा करून ती करू नका. तुमच्या मनात आदरच होता, पण 'या' म्हटल्यावर समोरचा माणूस, विशेषतः वयस्कर माणूस किंवा लहान मूल, असं समजतं की रस्ता मोकळा आहे. तुम्ही फक्त स्वतःच्या लेनची खात्री देऊ शकता. शेजारची लेन, समोरून येणारे, फटीतून घुसणारे दुचाकीवाले, यांच्या वतीने शब्द देणं तुमच्या हातात नाही. दिवे उघडझाप करण्याचंही तेच. त्याचा अर्थ कोणी 'या' असा घेतो, कोणी 'मी येतोय, थांबा' असा. गाडी पूर्ण उभी करा आणि उभी राहू द्या. चाकं थांबली हे रस्ता ओलांडणाऱ्याला बरोबर कळतं, पुढचं पाऊल कधी टाकायचं ते त्याला दोन्हीकडे बघून ठरवू द्या. त्याला जास्त वेळ लागला तर लागू दे. गाडी इंचइंच पुढे सरकवत राहू नका, त्याने माणूस गडबडतो आणि न बघता धावतो.

थांबल्यावर तुमचं एक काम मात्र उरतं. डोळा बाजूच्या आरशावर ठेवा. शेजारून कोणी वेग न कमी करता येताना दिसलं, तर लांब हॉर्न द्या. हॉर्न आहे तो या प्रसंगासाठीच. त्याने रस्त्यावरचा माणूस जागीच थबकतो आणि येणाराही भानावर येण्याची शक्यता असते. अंध व्यक्ती असेल तर हे आणखी महत्त्वाचं. पांढरी काठी घेतलेला माणूस रस्ता कानांनी ओलांडतो, आणि तुमच्या उभ्या गाडीच्या इंजिनाच्या आवाजात दुसऱ्या गाडीचा आवाज बुडून जाऊ शकतो. इलेक्ट्रिक गाड्या कमी वेगात इतक्या शांत असतात, की युरोपीय संघाने जुलै 2021 पासून अशा सगळ्या नव्या गाड्यांना कमी वेगात कृत्रिम आवाज सोडणारी यंत्रणा सक्तीची केली आहे. तुमची गाडी इलेक्ट्रिक असेल तर ती यंत्रणा बंद करण्याची सोय असली तरी बंद करू नका.

आता मागून ठोकलं जाण्याची भीती. ती खोटी नाही, पण त्यावर उपाय आहे, आणि तोही लवकर थांबण्यातच आहे. पट्ट्यांपाशी आल्यावर अचानक ब्रेक मारला की मागच्याला काही कळायच्या आत तुम्ही उभ्या असता. कडेला माणूस दिसताच मागच्या आरशात एक नजर टाका, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि ब्रेकला हलकासा स्पर्श करा. मागचे लाल दिवे लागतात आणि मागच्याला दोन-तीन सेकंद आधी निरोप पोचतो. मग सावकाश वेग कमी करत या. उभं राहिल्यावरही ब्रेकवरचा पाय काढू नका. पुष्कळ जण गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हँडब्रेक ओढतात आणि पाय मोकळा करतात. त्याने ब्रेकचे दिवे विझतात आणि मागून नव्याने येणाऱ्याला तुम्ही चालत आहात की उभ्या, हे लांबून उमगत नाही. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय. ज्याने पाहिलेलं नसतं त्याच्यापासूनच खरा धोका असतो.

या सगळ्याच्या मुळाशी वेग आहे, म्हणून त्याचं गणित एकदा नीट मांडते. ताशी 50 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. समोर माणूस आला हे कळून पाय ब्रेकवर जायला चांगल्या, जागरूक चालकालाही साधारण सेकंदभर लागतो. तेवढ्यात 14 मीटर गेले, गाडीचा वेग जराही उतरलेला नाही. मग कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लावून थांबायला आणखी 14 मीटर. एकूण 28. हेच ताशी 30 ला करा : सेकंदाला 8 मीटर, आणि ब्रेक लागल्यावर 5. एकूण 13. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. एकाच क्षणी दोघांना माणूस दिसला, तर तीसवाली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे पन्नासवाल्याचा पाय ब्रेकवर पोचतही नसतो. तो माणसाला पूर्ण पन्नासच्या वेगाने धडकतो. मला या विषयात याहून बोलकं काहीच माहीत नाही. 2020 च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, पायी चालणारे आणि वाहनं सतत एकत्र येतात तिथे वेगमर्यादा ताशी 30 असावी, असं म्हटलं आहे, त्यामागे हेच गणित आहे.

म्हणून पट्टे जवळ आले की कोणी दिसो वा न दिसो, वेग तिशीच्या आसपास आणायचा. तुमचा रस्ता रोजचा आहे, त्याचा फायदा घ्या. क्रॉसिंगच्या बरंच आधीची एक पक्की खूण ठरवा. एखादा खांब, एखादी पाटी, काहीही. ती खूण आली की पाय ॲक्सिलरेटरवरून निघालाच पाहिजे. थोड्या दिवसांत पाय आपोआप निघायला लागतो, आणि मग 'थांबावं की जावं' हा प्रश्न पट्ट्यांसमोर धडधडत्या छातीने सोडवावा लागत नाही. त्या वेगात थांबणं इतकं सोपं असतं की तो निर्णयच राहत नाही.

रात्रीचं आणि पावसाचं तुम्ही विचारलंत. रस्ता ओला असला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर साधारण दुप्पट धरा. आणि रात्री मंद प्रकाशझोतात गडद कपडे घातलेला माणूस बहुधा तीसेक मीटरवर आल्यावरच दिसतो. आत्ताच्या गणितात कोरड्या रस्त्यावर, पूर्ण सावध असताना, 50 च्या वेगात 28 मीटर लागले होते. पाऊस जमेला धरला तर माणूस दिसल्यावर थांबणं शक्यच नाही, हे उघड आहे. दिसण्याच्या आधीच वेग उतरलेला असायला हवा. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की तर रस्त्याच्या मधोमध आलेला माणूस चक्क नाहीसा होतो. तो दोन्ही गाड्यांच्या उजेडात उभा असतो, म्हणून त्याला वाटतं आपण लख्ख दिसतोय. तुम्हाला मात्र नुसता झगझगाट दिसत असतो. अशा वेळी नजर समोरच्या दिव्यांवरून काढून आपल्या बाजूच्या कडेकडे न्या आणि वेग आणखी कमी करा. काच आतून पुसलेली असू द्या. आतून बसलेल्या तेलकट थरावर प्रकाश जो पसरतो, तो पावसापेक्षा जास्त त्रास देतो.

पट्टे स्वतः पुसट झालेले असतील तर त्यांच्यावर विसंबू नका. ते पट्टे आले कसे हे इथे सांगण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये 1934 पासून अशा जागा नारिंगी गोळे लावलेल्या खांबांनी दाखवू लागले, रस्त्यावर धातूच्या खिळ्यांच्या ओळी असत. खिळे पायी चालणाऱ्याला दिसत, वेगात येणाऱ्या चालकाला लांबून दिसत नसत. म्हणून 1951 मध्ये काळे-पांढरे जाड पट्टे आले. ते चालकासाठी आहेत, लांबूनच कळावं म्हणून. ते झिजले, ओल्या रस्त्यावर चमकेत हरवले, की ते काम आपल्या डोळ्यांवर येतं. मग बाकीच्या खुणा बघायच्या : कडेची पाटी, फुटपाथला पडलेला उतार, बसथांबा, दोन-चार माणसं एकाच जागी रस्त्याकडे तोंड करून उभी असणं. थांबलेली बस दिसली की तिच्यापुढून कोणीतरी येणारच, असंच धरून चाला.

मुलाबद्दल विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. त्याला आधी चार-सहा वेळा तेच क्रॉसिंग पायी ओलांडायला लावा, गर्दीच्या वेळी. कोणती गाडी थांबणार आणि कोणती नाही, हे त्याला किती आधी कळतं ते विचारा. स्टिअरिंगमागून कडेचा माणूस घुटमळताना दिसतो तेव्हा 'हा जात का नाही' अशी चिडचिड होते. तो का घुटमळतो हे पायी गेल्याशिवाय कळत नाही.

मग गाडीत बसवून एक प्रयोग करा. गाडी सुरक्षित जागी उभी, इंजिन बंद, मुलगा चालकाच्या जागी. तुम्ही गाडीपासून सात-आठ मीटरवर समोरून बाजूला, अर्धवर्तुळात सावकाश चालत जा. पुढची काच आणि दार यांच्यामध्ये जो तिरका खांब असतो, त्याच्या मागे तुम्ही सबंध दिसेनाशा व्हाल आणि दोन पावलांनी पुन्हा दिसाल. चालकाच्या बाजूचा खांब डोळ्याला जवळ असल्यामुळे तो जास्त झाकतो. आता हीच गाडी वळतेय आणि माणूस चालतोय अशी कल्पना करा. दोघांचा वेग जुळून आला तर तो माणूस वळणभर त्या खांबामागेच राहू शकतो. चालक शपथेवर सांगतो की रस्ता मोकळा होता, आणि तो खोटं बोलत नसतो. उपाय अगदी साधा आहे : वळण्याआधी आणि वळताना डोकं आणि खांदे पुढे-मागे हलवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघायचं. शिकतानाच ही सवय लागली तर आयुष्यभर राहते. सिग्नलवर वळताना आपल्याला हिरवा असतो, तेव्हा पुष्कळदा आपण ज्या रस्त्यावर वळतो तो ओलांडणाऱ्यांनाही हिरवाच असतो, हेही त्याच्या मनावर ठसवा. त्या वेळी थांबायचं आपण.

बसक्या गाडीऐवजी उंच बॉनेटची गाडी असेल तर एक जास्तीची काळजी. पट्ट्यांपाशी थांबल्यावर लहान मूल बॉनेटच्या पुढे अगदी जवळून गेलं तर चालकाच्या जागेवरून त्याचं डोकंही दिसत नाही. निघण्याआधी जितके जण समोरून आत शिरले तितके पलीकडे बाहेर पडलेले दिसले पाहिजेत. आणि एक मूल धावत गेलं की त्याच्यामागे दुसरं येणार, हे गृहीतच धरायचं. मोठ्यांचं मात्र पायांकडे आणि मानेकडे बघावं. मान तुमच्याकडे वळलेली असेल तर त्याने तुम्हाला पाहिलंय. मान फोनवर आणि पाऊल पुढे असेल तर त्याने पाहिलेलं नाही, तो उतरणारच असं धरून ब्रेकवर पाय ठेवा.

वाहतूक तुंबली असेल तेव्हा पट्ट्यांवर गाडी उभी करायची नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून सांगा. पुढे आपली गाडी मावेल इतकी जागा मोकळी झाल्याशिवाय पट्ट्यांवर चाक घालायचं नाही. नाहीतर व्हीलचेअरवरच्या माणसाला किंवा बाबागाडी ढकलणाऱ्या आईला गाड्यांना वळसा घालून चालत्या लेनमध्ये उतरावं लागतं.

पहिले काही महिने तुम्ही शेजारी बसाल तेव्हा त्याला दिसेल ते मोठ्याने बोलत गाडी चालवायला सांगा. 'डावीकडे दोघं, एक फोनवर. बस थांबलीय. पट्टे येतायत, पाय काढला. मागे टेम्पो आहे, जवळ आहे, हलका ब्रेक.' सुरुवातीला त्याला अवघड वाटेल. पण तो काय बोलतो यावरून त्याला काय दिसत नाही हे तुम्हाला लगेच कळेल, आणि तेवढंच सांगणं तुमच्याकडे उरेल.